आंब्याच्या सावलीतले कंद

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात एखादा तरी आंबा असतो आणि त्या आंब्याखाली बहुधा काहीच नसते. आमच्याकडेही तसेच होते. आजेसासऱ्यांनी लावलेला रायवळ दोन मजल्यांच्या वर गेलेला. खाली टणक जमीन, पालापाचोळा आणि भिंतीला टेकवलेल्या सायकली. माळीकाका येत, पाने झाडून एका कोपऱ्यात ढीग करत आणि गुलाबांकडे वळत. सासूबाईंचे म्हणणे ठाम होते, "अगं, आंब्याखाली गवत धरत नाही, फुलं कुठली धरणार!"

मला मात्र त्या जागेचा मोह सुटत नव्हता. एप्रिल-मेमध्ये अख्ख्या आवारात दुपारी बसण्याजोगी तेवढी एकच जागा. तिथे दरवर्षी नव्याने रोपे आणून लावायची आणि मोसम संपला की उपटायची, असली बाग मला नको होती. एकदा लावली की वर्षानुवर्षे त्याच मातीत राहतील, वाढतील, पसरतील अशी झाडे हवी होती.

नर्सरीत जाऊन "सावलीतली झाडं द्या" म्हटले की ठरलेल्या कुंड्या पुढे येतात: पीस लिली, अ‍ॅग्लोनिमा, डिफेनबाकिया, स्पायडर प्लांट, मनीप्लांट. यातली बरीच झाडे चिवट आहेत आणि माझ्याकडेही आहेत. पण ती सगळी बारमाही हिरवी, म्हणजे पाणीही बारमाही मागणारी. कुंडीत ते चालते. आंब्याखालच्या जमिनीत का चालत नाही, ते पुढे येईलच.

लावण्याआधी मी वर्षभर फक्त ऊन पाहिले. हे काम कंटाळवाणे वाटते, पण सावलीच्या बागेत याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. दर महिन्याला एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास उन्हाची कड कुठे पडते तिथे चुन्याची रेघ मारायची आणि वहीत आराखडा काढायचा. त्यातून पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपण ज्याला सरसकट सावली म्हणतो तिचे निदान तीन प्रकार आमच्याच आवारात आहेत. आंब्याच्या बुंध्याजवळची दाट सावली, तिथे दिवसभरात चार कवडसे पडले तर पडले. घेराच्या कडेची चाळणीतून गाळून आल्यासारखी विरळ सावली, जिथे सकाळी आठ ते दहा चांगले ऊन मिळते. आणि घराच्या उत्तरेची, भिंतीची सावली.

या तिसऱ्या सावलीचा भरवसा धरता येत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की वीस फूट उंच घराची सावली भर दुपारी उत्तरेला सुमारे अठरा फूट पडते. तेव्हा वाटते, इथे कधी ऊन येतच नाही. पण पुण्यात १३ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेच्या अंगाला असतो. म्हणजे थंडीत गारठलेली ती उत्तरेची पट्टी ऐन मेमध्ये थेट उन्हात भाजते. जून-जुलैत ढग असतात म्हणून निभावते, पण मेचा उत्तरार्ध कठीण. डिसेंबरात जागा पाहून तिथे फर्न लावणाऱ्याची फर्न मेमध्ये करपणार, हे वहीतल्या रेघांवरून आधीच दिसत होते. म्हणून पुण्याच्या अक्षांशावर तरी मी सगळ्यांना सांगते, सावली मेमध्ये मोजा.

आंब्याखालची सावली या बाबतीत भरवशाची. झाड सदाहरित, त्यामुळे डोक्यावरचे छप्पर बारा महिने. अडचण होती ती खाली, जमिनीत. झाडाखाली काही उगवत नाही याला आपण उजेडाचा अभाव हे कारण देतो. मी एका सकाळी खुरपे घेऊन बुंध्यापासून कडेपर्यंत ठिकठिकाणी वीतभर उकरून पाहिले, तर वरच्याच थरात केसासारख्या मुळांचे दाट जाळे. वळवाची सर पडून गेली तरी दुसऱ्या दिवशी ती माती कोरडी. आधी पाने पावसाचा बराच वाटा अडवतात आणि जे खाली पोचते ते ही मुळे ओढून घेतात. छोट्या रोपाची खरी झुंज उजेडासाठी नाही, पाण्यासाठी असते.

यावर रोज पाणी घालणे हा सरळ उपाय वाटतो. त्या सुमारास आमचे मामेसासरे रत्नागिरीहून आले होते. त्यांची कलमांची बाग आहे. मी उत्साहाने आराखडा दाखवला, त्यांनी शांतपणे पाहिला आणि विचारले, "सूनबाई, दिवाळीनंतर इथे पाणी घालणार का तुम्ही?" मी हो म्हटले. "मग पालवी मिळेल, मोहोर मिळणार नाही. आंब्याला मोहोराआधी बुडाशी ओल चालत नाही. दोन-तीन महिने ताण बसला पाहिजे."

त्यांच्या या एका वाक्याने माझी सगळी यादी बदलली. पावसाळा संपला की आंब्याला कोरडी जमीन हवी. बारमाही हिरवी झाडे नेमकी त्याच काळात पाणी मागणार. म्हणजे अशी झाडे शोधायला हवीत जी दिवाळीनंतर स्वतःहून झोपी जातात आणि पावसाबरोबर उठतात. आणि अशी झाडे शोधायला लांब जावे लागत नाही. ताम्हिणीच्या, मुळशीच्या रानात पावसाळ्यात चालून आलेल्या कोणालाही ती ठाऊक असतात. घनदाट झाडांखाली ऑगस्टमध्ये कमरेएवढी हिरवी पाने उभी असतात, गुलाबी तुऱ्याची रानहळद फुललेली असते, आणि त्याच जागी मार्चमध्ये गेलो तर नुसता पाचोळा. सगळा जीव जमिनीखाली, कंदात. सह्याद्रीच्या सावलीत राहण्याची रीत हीच आहे: चार महिने भरभरून जगायचे आणि उरलेले महिने पाण्याचा थेंब न मागता पडून राहायचे. आले आणि हळदीच्या कुळातली बरीच झाडे या रीतीची.

रानातून मात्र एकही कंद उचलायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवले होते. राखीव वनातून कंद उपटणे हा गुन्हा आहेच. पण तो नसता तरी ज्या उतारावर फुले पाहायला आपण जातो तिथेच खड्डे करून यायचे, हे मला पटत नाही. कंद मिळाले ते देवाणघेवाणीतून. आळंदी रस्त्यावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे भुईचाफा होता, वाईच्या आत्यांच्या परसात आंबेहळद आणि कचोरा, साधी हळद तर मंडईत ओल्या गड्ड्यांची मिळते. रानहळद आणि पेव एका देशी झाडांच्या नर्सरीतून आणले. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरते, तिथे असली देशी कंदवर्गीय झाडे ठेवणाऱ्यांशी ओळखी होतात. नर्सरीचा पत्ता मला तिथेच कळला.

लागवड अक्षय तृतीयेच्या आसपास सुरू केली. हळदीच्या लागणीचा हा जुना मुहूर्त आणि तो ठरवणाऱ्यांना जमीन कळत होती: कंदाला डोळे फुटायला गरम माती हवी आणि पहिल्या पावसापर्यंत मातीखाली कोंब धरायला हवा. सगळी जमीन खणून वाफा करायचा विचारही करू नये. मुळे तुटतात, आंबा दुखावतो. मी मोठ्या मुळांच्या बेचक्यांत जिथे खुरपे सहज शिरते तिथेच ओंजळभर मातीचे खिसे केले, वीतभर रुंद आणि तेवढेच खोल. बोटापेक्षा जाड मूळ लागले की तो खड्डा बुजवायचा आणि शेजारी पाहायचे. बुंध्याभोवतीची दोन-अडीच फुटांची जागा पूर्ण मोकळी सोडली. बुंध्याला माती किंवा ओला पाचोळा चिकटून राहिला तर साल कुजते.

खिशांत भरायच्या मातीवर मी मनापासून कष्ट घेतले. आमची मूळ माती काळी, पावसात चिखल होणारी. त्यात कंद नुसते ठेवले तर ऑगस्टपर्यंत कंदकूज ठरलेली. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम आणि दोन भाग पानांचे खत. हे खत त्याच आंब्याच्या पानांचे. आंब्याचे पान चिवट, लवकर कुजत नाही. नुसता ढीग केला तर दोन पावसाळे तसाच राहतो. पाने पायाखाली तुडवून बारीक करायची, जाळीच्या पिंजऱ्यात दाबून भरायची, मधूनमधून शेणकाला शिंपडायचा आणि ओल टिकवायची. वर्षभरात तळाला काळेभोर, जंगलाच्या वासाचे खत मिळते. आमची पाने कमी पडली तेव्हा शेजारच्या सोसायटीची पोती आणली. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम वाळक्या पानांची अशीच देवाणघेवाण घडवतो, त्यामुळे पाने मागायला आता कोणाला संकोच वाटत नाही. पूर्वी हीच पाने कोपऱ्यात जाळली जात. तो धूर आठवला की मला अजून वाईट वाटते.

कंद लावताना डोळा वर, वर दोन बोटे माती, आणि त्यावर वाळक्या पानांचा चार बोटांचा थर. इतकेच. बुरशीच्या भीतीने मी कंद आधी ट्रायकोडर्माच्या, म्हणजे रोगट बुरशीला रोखणाऱ्या मित्रबुरशीच्या, पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवले. हळदीचे शेतकरी हेच करतात. मेमध्ये चार-पाच दिवसांतून एकदा झारीने हलके पाणी. त्या वेळी आंब्याला फळे असतात, थोडी ओल त्याला चालते.

काय कुठे लावले ते सांगते. अगदी दाट सावलीत आंबेहळद आणि कचोरा. यांची पाने मोठी, कचोऱ्याच्या पानावर मधोमध जांभळट पट्टा असतो आणि थोड्या उजेडावरही ती तक्रार करत नाहीत. विरळ सावलीत रानहळद आणि साधी हळद. कडेला, जिथे सकाळचे ऊन लागते तिथे पेव. पेवाचे खोड गोल जिन्यासारखे वळत वर जाते, पाने त्या वळणावर मांडलेली, आणि ऑगस्टमध्ये लालसर कणसातून चुरगळलेल्या पांढऱ्या मलमलीसारखी फुले एकेक करून बाहेर येतात. बसायच्या बाकाजवळ भुईचाफा.

भुईचाफ्यावर माझा फार जीव आहे. त्याचा क्रम उलटा: आधी फुले, मग पाने. एप्रिलमध्ये, जेव्हा या जमिनीवर हिरवे काहीही नसते, तेव्हा पाचोळ्यातून थेट फूल वर येते, देठ नाही, पान नाही, पांढरे आणि त्यावर जांभळी पाकळी, मंद सुगंधाचे. फुले एका दिवसाची, पण रोज नवी येतात. पाऊस सुरू झाला की मग पाने निघतात, वरून गडद-फिक्या हिरव्या नक्षीची आणि खालून जांभळी. पहिल्यांदा फूल आले तेव्हा सासूबाईंनी खुर्ची बाकाजवळ ओढायला सांगितली आणि कितीतरी वेळ वाकून पाहत बसल्या. "आमच्या माहेरी विहिरीपाशी होता हा," एवढेच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी त्यांच्या माहेरच्या बागेचे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

पाऊस लागला की पहिले दोन आठवडे काही दिसत नाही. कंदाला घाई नसते, त्यामुळे उकरून पाहण्याचा मोह आवरावा. जूनच्या शेवटाला गुंडाळलेले कोंब पाचोळा उचलून बाहेर येतात आणि जुलैत जागा ओळखू येत नाही. आता कामे सुरू होतात, त्यातले सर्वांत मोठे काम गोगलगायींचे.

मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय पुण्यात सगळीकडे झाली आहे आणि ओल, सावली, पाचोळा हे तिचे माहेर. एका रात्रीत कोवळ्या पानाची चाळण करते. मराठवाड्यात २०२२ साली सोयाबीनचे कोवळे पीक तिने फस्त केले होते, त्यावरून तिच्या भुकेची कल्पना यावी. कृषी विभाग शेतकऱ्यांना गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर ठेवायला सांगतो. तोच उपाय मी केला. संध्याकाळी भिजवलेले गोणपाट पसरायचे, पहाटे उचलले की खाली सगळ्या जमलेल्या. हातमोजे घालून बादलीत मिठाच्या पाण्यात टाकायच्या आणि नंतर खोल पुरायच्या. मीठ बादलीतच वापरायचे, वाफ्यावर कधीही नाही, माती बिघडते. विषारी गोळ्या मी आणत नाही. आमच्याकडे कुत्रा आहे, आणि भारद्वाज याच पाचोळ्यात चरायला येतो. पावसाच्या पहिल्या महिन्यात नेमाने वेचल्या की पुढे त्रास आटोक्यात राहतो.

दुसरा त्रास वरून येतो आणि तो फक्त आंब्याखाली बाग करणाऱ्यालाच कळतो. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि चिकट गोड स्राव खाली गाळतात. खालच्या पानांवर तो साचतो, त्यावर काळी बुरशी धरते, पाने काजळी फासल्यासारखी होतात. कंदवर्गीय झाडे तेव्हा जमिनीखाली झोपलेली, त्यांना काही होत नाही. पण पीस लिली, स्पायडर प्लांटच्या कुंड्या खाली ठेवल्या असतील तर त्या आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसाव्या लागतात. मी मोहोर दिसू लागला की कुंड्या पूर्वेच्या व्हरांड्यात हलवते.

उत्तरेच्या भिंतीच्या पट्टीत वेगळा संसार मांडला. तिथे मोरी आहे, भांड्यांचे पाणी जाते आणि आंब्याची मुळे तिथवर पोचत नाहीत. त्यामुळे पाण्याची आवड असलेली झाडे तिकडे: सोनटक्का आणि अळू. मेच्या उन्हाला ही दोन्ही झाडे दबत नाहीत, पायाशी ओल असली की झाले. अळू वडीचा, काळ्या देठाचा. सोनटक्का छातीइतका उंच होतो, ऑगस्टपासून फुलतो, गौरी-गणपतीत ऐन भरात असतो. संध्याकाळी कळ्या उमलू लागल्या की वास पार रस्त्यापर्यंत. त्याची निगा सोपी: ज्या दांड्याची फुले संपली तो पुन्हा फुलत नाही, जमिनीलगत कापून टाकायचा म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. साबणाचे पाणी मात्र मी थेट सोडत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी त्या पट्टीला, बाकीचे गटाराला.

त्याच भिंतीवर नागवेल चढवली आहे. मिरजेकडच्या आरग-बेडगच्या पानमळ्यांत ती शेवगा, शेवरी, पांगाऱ्याच्या आधाराने आणि त्यांच्याच विरळ सावलीत वाढते. ते पाहून मीही तिच्यासाठी शेजारी शेवगा लावला. वेलीला मेमध्ये तीच सावली वाचवते.

गणपतीत हळदीच्या पानांच्या पातोळ्या होतात. विकतची पाने आणावी लागत नाहीत याचा आनंद मोठा आहे, पण एका झाडाची दोनच पाने काढायची हा घरात नियम केला आहे. कंद भरतो तो त्याच पानांच्या जोरावर.

ऑक्टोबर सरता सरता पाने पिवळी पडू लागतात. पाहुणे आले की विचारतात, "अहो, काय झालं, रोग पडला का?" रोग नाही, झोपायची तयारी. पिवळे पान हिरवे करायला पाणी घालायचे नाही, खतही नाही. पान पूर्ण वाळेपर्यंत कापायचेही नाही, कारण तोवर त्यातले सत्त्व कंदात उतरत असते. वाळले की हलक्या हाताने ओढले तरी निघते आणि तिथेच पसरते. त्या जागी बांबूची खूणकाठी रोवायची, नाहीतर जानेवारीत कोणीतरी तिथे खणते. मग थेट मार्च-एप्रिलपर्यंत आंब्याखाली नुसता पाचोळा. अनेकांना ही मोकळी जागा पाहवत नाही. मला ती आवडते. दिवाळीनंतर पाण्याचा थेंब न पडल्याने आंब्याला हवा तो ताण मिळतो, आणि बाग लावल्यानंतरही आमचा रायवळ पूर्वीसारखाच मोहोरतो आहे. मामेसासऱ्यांना मी दरवर्षी मोहोराचा फोटो पाठवते.

संक्रांतीला हळदीचे काही गड्डे काढते. ओल्या हळदीचे आणि आंबेहळदीचे लोणचे घालते, बाकीचे जमिनीतच राहू देते. रानहळद, कचोरा, भुईचाफा यांना दर वर्षी हात लावायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुले कमी झाली किंवा खिसा दाटला की एप्रिलमध्ये, डोळे फुगू लागताना, गड्डा उचलून हाताने मोडायचा. प्रत्येक तुकड्याला निदान दोन डोळे हवेत. जखमेवर राख लावून दोन दिवस सावलीत ठेवायचे. भुईचाफ्याच्या मुळांना शेंगदाण्यासारख्या गाठी लोंबतात, त्या तुटू देऊ नयेत, नव्या झाडाची ती शिदोरी असते.

निम्मे परत लावते, निम्मे वर्तमानपत्रात गुंडाळून वाटते. देताना प्रत्येकाला तीन गोष्टी सांगते: लावण्याआधी मेमधले ऊन पाहा, पहिल्या वर्षी फुलांची वाट पाहू नका, आणि पाने वाळली की कुंडी फेकून देऊ नका. या वर्षी पेवाचे कंद घेऊन गेलेल्या शेजारच्या काकूंच्या फणसाखाली तीन कोंब आले आहेत. त्यांना गोणपाट आणि गूळ लागेल, ते द्यायचे आहे.